शिट्टी कुणाच्या हातात?

कोल्हापूरला फुटबॉल शिकवायला कुणी जायला नको. छत्रपती शाहू स्टेडियमवर के.एस.ए.चा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी या नावांनी पेठाच्या पेठा पेटून उठतात. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सारे शहर कॉलर ताठ करून फिरले. पोरगा खेळाडू व्हावा असे हजार बापांना वाटते. पोरगा पंच व्हावा असे म्हणणारा बाप आम्हाला अजून भेटायचा आहे. पंच म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्यांचा धनी. ते काम कोण अंगावर घेणार?

आम्ही म्हणतो, आपण घ्यावे.

‘पंच’ हा शब्द आपल्या समाजाने फार सोसला आहे. गावचे पंच ठरवायचे आणि वस्तीने भोगायचे. पंचांच्या पंगतीत आपला माणूस कधी नव्हता. खेळाच्या मैदानावरही तेच झाले. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले डावखुरे गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाने त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले, पण कर्णधारपद त्यांना दिले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही 1923 साली. घाम गाळायला आपला माणूस चालत होता, हुकूम द्यायला चालत नव्हता. याच करवीरच्या शाहू महाराजांनी 1902 साली राज्याच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, त्या अधिकाराची खुर्ची उघडी व्हावी म्हणून.

फुटबॉलमध्येही पूर्वी दोन्ही संघ आपापला पंच आणीत. दोघांचे एकमत झाले नाही की मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागत. ज्याचा पंच त्याच्याच बाजूचा, मग न्याय कसला? अखेर 1891 साली त्या तिसऱ्यालाच मैदानात आणून सारा अधिकार त्याच्या हाती दिला. आजचा पंच तो हा.

नव्या पंचाला काय शिकवतात? खेळाचे नियम सतरा. ते आठवड्यात पाठ होतात, पण डोळा तयार व्हायला हंगाम जातो. ऑफसाइड ठरवताना सहकाऱ्याने पास दिला त्या क्षणी खेळाडू कुठे होता, हे पाहायचे. चेंडू पोहोचला तेव्हा कुठे होता, हे नव्हे. नुसते ऑफसाइडच्या जागी उभे राहणे हा गुन्हाही नाही. फाऊल झाला, पण ज्याच्यावर झाला त्याच्याच संघाला पुढे संधी असेल, तर शिट्टी ओठांत धरून क्षणभर थांबायचे. मैदानात तिरके धावायचे, म्हणजे खेळ आपण आणि लाइन्समन यांच्या मधे राहतो. दुसरे पिवळे कार्ड म्हणजे लाल. ही कार्डे 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून आली. पंचाची भाषा न समजणाऱ्यालाही निर्णय समजावा, हा त्यामागचा हेतू. लहान मुलांच्या सामन्यात वेळ कमी, मैदान आणि चेंडू लहान, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो. सामना संपल्यावर घडले तसे लेखी कळवायचे. धावणे, पाहणे, ठरवणे, लिहिणे, चारही कामे एकट्याची.

आमच्या ओळखीच्या एका वस्तीतल्या पोराचा पहिला सामना आम्ही पाहिला. तेरा वर्षांखालील मुले खेळत होती. त्याने पेनल्टी दिली, ती बरोबर होती. मुलांनी निर्णय मानला, बाहेरच्या मोठ्यांनी मानला नाही. एकाने नियम विचारण्याऐवजी त्याचे आडनाव विचारले. पोराचा चेहरा उतरला. तरी त्याने चेंडू ठिपक्यावर ठेवायला लावला आणि शिट्टी मारली.

इथवरची गोष्ट सांगायला आपल्याला आवडते. पुढची सांगायला जड जाते. मध्यंतरात आपलीच चार माणसे त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘आपल्या पोरांकडं जरा बघ की!’ त्याने मान हलवली नाही. उत्तरार्धात वस्तीतल्याच एका मुलाला त्याने पिवळे कार्ड दाखवले. घरी जाताना त्याच्याशी कुणी बोलले नाही.

त्या दिवशी आमचीही मान खाली गेली. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बजावले होते की, घटनात्मक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. आपल्या बाजूचा निकाल लागला तरच न्याय, असे आपण म्हणू लागलो तर गावच्या पंचांत आणि आपल्यात फरक काय राहिला? तो पोरगा ही जोपासना करत होता आणि आपण त्याला एकटे पाडले.

म्हणून वस्त्यांतील मंडळांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या डॉल्बीचा खर्च थोडा कमी करा. त्यातून दोन मुलगे आणि दोन मुली पंचांच्या वर्गाला पाठवा. त्यांची फी, बूट, शिट्टी, घड्याळ मंडळाने द्यावे. मुलींना हे जमेल का, असे कुणी विचारले तर सांगा की, 2022 च्या कतार विश्वचषकात पुरुषांच्या सामन्याला स्टेफनी फ्रापार ही फ्रेंच महिला मुख्य पंच होती. अलीकडे मोठ्या स्पर्धांत निर्णयाबद्दल पंचाशी फक्त कर्णधाराने बोलावे, अशी शिस्त आली आहे. 2024 च्या युरो स्पर्धेत ती पाळली गेली. आपल्या मुलांच्या सामन्यात ती आजपासून पाळायला कुणाची परवानगी लागत नाही.

नवा पंच चुकणारच. पहिल्या सामन्यात खेळाडूही चुकतो, त्याला आपण पुन्हा संधी देतो. पंचालाही द्या. आणि पुढच्या सामन्याला त्या पोराने आपल्याविरुद्ध शिट्टी मारली, तर निदान चार माणसांनी उभे राहून टाळ्या वाजवा. आम्ही त्यांत असू.