चेन सॉ: पुढचा गार्ड काढू नका



परवा एका आंबा बागेत छाटणी बघायला गेलो. चेन सॉचा पुढचा गार्डच नव्हता. "मध्ये मध्ये येतो, म्हणून काढला," दादा म्हणाले. अहो दादा, तोच तर साखळीचा ब्रेक! पट्टीच्या टोकाची वरची बाजू फांदीला लागली की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येते. तेव्हा गार्ड पुढे ढकलला जातो आणि साखळी थांबते.

1) सुरू करताना: ब्रेक लावा. मशीन जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत बुटाचं टोक रोवून दोरी ओढा.

2) कापताना: दोन्ही हात मुठींवर. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवरून तर नाहीच. हेल्मेट, चष्मा, बूट हवेत, लुंगी नको.

3) तेल: पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेप्रमाणे (50:1 असेल तर लिटरला 20 मिली). नुसत्या पेट्रोलवर इंजिन जाम होतं. पेट्रोल भराल तेव्हा चेन ऑइलही भरा.

4) साखळी: इंजिन बंद करून, हातमोजे घालून तपासा. पट्टीखाली लोंबू नये, पण हाताने ओढली की सरकली पाहिजे.

5) धार: ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली समजा. गोल कानस आतून बाहेर चालवा, प्रत्येक दाताला सारखेच हात.

दादांनी अडगळीतून गार्ड शोधून बसवला, मगच उरलेल्या फांद्या उतरवल्या. तुम्हीही आज मशीन बंद ठेवून गार्ड पुढे ढकलून बघा. 'खट्' आवाज येऊन साखळी अडकली पाहिजे. नाही अडकली, तर आधी दुरुस्ती, मग छाटणी.

– तुमचा कृषी सल्लागार