हाजिमे मोरियासू
हाजिमे मोरियासू (जन्म: २३ ऑगस्ट १९६८) हे जपानचे माजी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. बचावात्मक मध्यरक्षक म्हणून ते जपानच्या राष्ट्रीय संघाकडून ३५ सामने खेळले. जुलै २०१८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

खेळाडू म्हणून कारकीर्द
मोरियासू यांचा जन्म शिझुओका प्रांतात झाला व बालपण नागासाकी येथे गेले. शालेय शिक्षणानंतर १९८७ मध्ये ते हिरोशिमा येथील माझदा कंपनीच्या संघात दाखल झाले. पुढे जपानमध्ये व्यावसायिक जे-लीग स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हाच संघ सानफ्रेचे हिरोशिमा या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९४ मध्ये या संघाने लीगचा पहिला टप्पा जिंकला. त्यात मोरियासू यांचा सहभाग होता. क्योतो व सेंदाई येथील संघांकडूनही ते खेळले आणि २००३ च्या हंगामानंतर निवृत्त झाले.

प्रतिस्पर्ध्यांची आक्रमणे मैदानाच्या मध्यभागीच रोखणे आणि चेंडू लगेच सहकाऱ्यांकडे सोपवणे, हे त्यांच्या खेळाचे स्वरूप होते. राष्ट्रीय संघाकडून त्यांच्या नावावर केवळ एक गोल आहे. माझदा संघाचे पूर्वीचे प्रशिक्षक, नेदरलँड्सचे हान्स ऊफ्ट, १९९२ मध्ये जपानचे प्रशिक्षक झाले व त्यांनी मोरियासू यांना राष्ट्रीय संघात स्थान दिले. त्याच वर्षी जपानने प्रथमच आशिया चषक जिंकला.

दोहा येथील सामना
२८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहा येथे जपानचा इराकशी विश्वचषक पात्रता सामना झाला. जपान तोवर एकदाही विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता आणि हा सामना जिंकल्यास पात्रता निश्चित होती. जपानकडे २-१ अशी आघाडी असताना अगदी अखेरच्या क्षणी इराकने कॉर्नरवरून बरोबरी साधली. दक्षिण कोरियाचे गुण जपानइतकेच झाले. मात्र गोलफरकाच्या आधारे कोरिया पात्र ठरला. जपानमध्ये हा प्रसंग ‘दोहाची शोकांतिका’ म्हणून ओळखला जातो. मोरियासू या सामन्यात खेळत होते. पुढे त्यांना विश्वचषकात खेळण्याची संधी मिळाली नाही.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द
२०१२ मध्ये मोरियासू सानफ्रेचे हिरोशिमाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पूर्वीचे प्रशिक्षक मिहाइलो पेत्रोविच यांनी रुजवलेली तीन बचावपटूंची रचना त्यांनी कायम ठेवली, परंतु बचाव अधिक भक्कम केला. पहिल्याच हंगामात संघाने प्रथमच लीगचे विजेतेपद मिळवले. २०१३ व २०१५ मध्येही संघ विजेता ठरला. जुलै २०१७ मध्ये संघ गुणतक्त्यात तळाजवळ असताना त्यांनी पद सोडले.

२०१८ च्या विश्वचषकात ते अकिरा निशिनो यांचे सहायक होते. त्या स्पर्धेत बेल्जियमविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊनही जपान भरपाई वेळेतील गोलमुळे ३-२ असा पराभूत झाला. त्यानंतर राष्ट्रीय संघाची सूत्रे मोरियासू यांच्याकडे आली. २०१९ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात जपानला कतारकडून पराभव पत्करावा लागला; टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखालील संघ चौथा आला.

२०२२ चा विश्वचषक
ही स्पर्धा कतारमध्ये झाल्याने मोरियासू पुन्हा दोहा येथे आले. पहिल्या सामन्यात जर्मनीविरुद्ध मध्यंतराला ०-१ असे पिछाडीवर असताना त्यांनी तीन बचावपटूंची रचना स्वीकारली व नंतर एकामागून एक आक्रमक खेळाडू मैदानात उतरवले. रित्सू दोआन व ताकुमा असानो या बदली खेळाडूंच्या गोलमुळे जपानने २-१ असा विजय मिळवला. कोस्टा रिकाविरुद्धच्या पराभवानंतर स्पेनलाही जपानने पिछाडीवरून २-१ असे हरवले. स्पेनविरुद्ध शेवटचा मिनिट उरला असताना आपल्याला १९९३ चा सामना आठवला, असे मोरियासू यांनी नंतर सांगितले. मात्र या वेळी खेळाडू मागे न सरता चेंडूसाठी पुढे झेपावत होते आणि आघाडी टिकली. जपान गटात अव्वल ठरला. पुढील फेरीत क्रोएशियाने त्याला पेनल्टी शूटआऊटमध्ये पराभूत केले. सामन्यानंतर मोरियासू यांनी प्रेक्षकांसमोर कमरेतून वाकून अभिवादन केले.

डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचा करार वाढवण्यात आला. २० मार्च २०२५ रोजी बहरीनला २-० असे नमवून जपान २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. यजमान देश वगळता पात्रता मिळवणारा तो पहिला संघ होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये टोकियो येथे ०-२ अशा पिछाडीवरून जपानने ब्राझीलला ३-२ असे हरवले. ब्राझीलवरील जपानचा हा पहिलाच विजय होय.