हत्यारांच्या पेटीला रंग कोणता मारावा?

वडिलांची पत्र्याची पेटी गेल्या पावसाळ्यात पुन्हा गंजली. चूक माझीच, गंजावरच ऑइलपेंट फासला होता. पाने-पकडी आपटून कोपऱ्यांचे पोपडे निघाले आणि पाणी आत शिरलं.

या वेळी पत्रा उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, थिनरने पुसला, रेड ऑक्साइड प्रायमर मारून रात्रभर सुकवला. वर हॅमरटोन. ठोकलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा त्याचा पोत. ओरखडे, पोचे त्यात चक्क लपतात!

सगळ्यात टिकाऊ मात्र पावडर कोटिंगच. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पावडर वितळून पत्र्याला घट्ट धरते. तेव्हा रबरी मूठ आधी काढून ठेवा.

ऑइलपेंटच मारणार असाल, तर हाताला सुकला म्हणून लगेच पाने भरू नका. आठवडाभर थांबा.