टेम्पोतली यात्रा आणि बायकांची अडचण

मैत्रिणींनो, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला टेम्पोनं जायचं ठरलं, की आपण दशम्या, चटणी, सतरंज्या सारं आठवणीनं बांधतो. एका गोष्टीचं मात्र कुणी नावही काढत नाही. मग आपण काय करतो? पाणीच पीत नाही! चैत्राच्या उन्हात मीही दिवसभर तेच केलं. घरी आल्यावर लघवीला जळजळ, हुडहुडी भरून ताप, अन् आठवडाभर औषधं!

पुढच्या वर्षी तयारीनं निघाले. घट्ट झाकणाची बादली, तळाशी थंड, चाळलेली राख आणि टेम्पोच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा. शौचानंतर दरवेळी दोन ओंजळी राख टाकायची. लघवी अन् धुतलेलं पाणी यांना झाकणाचा वेगळा डबा. बादली कोरडी राहिली तर वास येत नाही. दोन्ही रिकामे करायचे ते संडासातच, भरपूर पाणी ओतून. शेतात किंवा नाल्यात नको. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळलेली असते; पावसाबरोबर घाण विहिरीत उतरली, तर कॉलरा, कावीळ, हगवण ठरलेलीच.

भांड्यांचं खरकटं आधी काढून घ्यावं. विसळलेलं पाणी तिसऱ्या बादलीत धरून झाडाच्या बुंध्याशी ओतावं, म्हणजे मुक्कामी चिखल अन् माश्या होत नाहीत.

सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मंगरूळपीर मागे पडल्यावर मात्र हळूच विचारलं, "पडदा नीट लागतो नं गं?" त्या दिवशी त्या पोटभर पाणी प्याल्या.