ओढ्याची नाडीपरीक्षा

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत आणि दक्षिणेस तापी वाहते. या दोहोंमधील जमिनीच्या पोटातून शहरास पाणी आणण्याची जी योजना अब्दुर्रहीम खानखाना याच्या अमदानीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, सिद्धीस गेली, ती कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध आहे. डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने, शंभरावर कुंड्यांच्या तळातून, केवळ उताराच्या बळावर वाहत येई. ते पाणी झाकलेले होते. याच खानखानाचा पुत्र शाहनवाज खान याची कबर मात्र उतावळी नदीच्या काठी, उघड्या पाण्याशेजारी आहे. आणि उघड्या पाण्यात कोणी काय टाकावे यास धरबंध नसतो. अशा लहान नदीची किंवा ओढ्याची प्रकृती ठीक आहे की बिघडली आहे, हे ओळखावे कसे?

सामान्य मनुष्य पाण्याचा रंग पाहतो. परंतु श्रावणातला गढूळ लोंढा बहुधा नुसती माती वाहून नेत असतो, आणि नितळ दिसणाऱ्या पाण्यातही विष असू शकते. रसायनज्ञ पाणी बाटलीत भरून नेतो व त्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. स्नानास योग्य अशा पाण्यात तो लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम असावा, असे आपल्याकडील मान आहे. सांडपाणी मिसळले की त्यातील घाण कुजविणारे जंतू हा प्राणवायू खाऊन टाकतात. ते किती खातील हे पाहण्यासाठी नमुना २७ अंश उष्णतेत तीन दिवस ठेवतात. लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च झाला, तर ते पाणी स्नानाच्याही योग्यतेचे राहिले नाही असे समजतात.

ही परीक्षा आवश्यक खरी, पण बाटली फक्त त्या घटकेची साक्ष देते. शेवाळाने भरलेल्या डोहात भर दुपारी उन्हाच्या योगाने प्राणवायूची रेलचेल असते. तोच डोह पहाटे गुदमरलेला असतो. रात्री कोणी रंगाचे पाणी सोडले, तर सकाळी दहा वाजता येणाऱ्या तपासनिसाच्या बाटलीत त्याचा मागमूसही न सापडण्याचा संभव आहे.

ओढ्याच्या तळाशी राहणारे जीव मात्र तेथून हलू शकत नाहीत. आठवडे न् महिने त्या पाण्याने जे जे आणले, ते ते त्यांनी सोसलेले असते. म्हणून जाणता मनुष्य वाहत्या पाण्यातला दगड उचलून त्याची खालची बाजू पाहतो. तेथे मेफ्लाय नावाच्या कीटकाची चपटी पिले दगडाला बिलगलेली दिसली, शेपटीला बहुधा तीन लांब धागे आणि पोटाच्या कडेने हलणारे कल्ले असलेली, तर ते शुभचिन्ह समजावे. वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून स्वतःस घर बांधणारी कॅडिस माशीची अळीही तशीच चोखंदळ असते. चतुर आणि टाचणी यांची पिले थोडीफार घाण सोसतात. परंतु दगडाखाली काळा, घाणेरड्या वासाचा चिखल असून त्यात रक्तासारख्या तांबड्या अळ्या वळवळत असतील, तर ओढा आजारी आहे. या अळ्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या होत. त्यांचा तांबडेपणा आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्यामुळे येतो, आणि म्हणूनच जेथे इतर जीव प्राणवायूवाचून मरतात तेथे त्या सुखाने नांदतात. याहून खालची पायरी म्हणजे लांब शेपटीसारखी नळी पृष्ठभागावर काढून हवा घेणारी अळी. तिला पाण्यातल्या प्राणवायूची गरजच उरलेली नसते! एकट्या तांबड्या अळीने मात्र घाबरू नये. ती चांगल्या पाण्यातही थोडीबहुत असते. तिच्यावाचून दुसरे कोणी नसणे हे खरे दुश्चिन्ह.

जीवांवरून पाणी पारखण्याची ही पद्धत जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये शास्त्रशुद्ध पायावर मांडली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने यमुनेवरील अभ्यासानंतर तिला अनुसरून स्वच्छ ते अतिदूषित अशा पाच इयत्ता ठरविल्या आहेत. जीव किती नाजूक जातीचे आहेत व त्यांत विविधता किती आहे, या दोन्हींचे गुण त्यांत धरले जातात.

परंतु थंड देशांतल्या बारमाही ओढ्यांची कोष्टके सातपुड्याला जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे. येथले कित्येक ओढे वैशाखात कोरडे पडतात, आणि पावसाळ्यात एका रात्रीच्या पुराने तळच खरवडून निघतो. उतावळी हे नाव उगाच पडलेले नाही. पुरानंतर लगेच दगड उलटला आणि जीव दिसले नाहीत, तर दोष पुराचा असतो. दिवाळीनंतर पाणी निवळून स्थिर वाहू लागले की फाल्गुनापर्यंत पाहावे, हे उत्तम. शिवाय नदीची तुलना नदीशीच करावी: वर गुलारा महालाजवळ डोंगराच्या पाण्यात काय सापडते, आणि शहराजवळ शाहनवाज खानाच्या कबरीच्या काठी काय सापडते, हे एकाच दिवशी, सारख्याच खळाळत्या जागी, सारखेच दगड उचलून मोजावे. दोन ठिकाणच्या जीवांच्या जातींत जो फरक पडेल, त्यावरून वाटेत नदीने काय सोसले याचा अंदाज बांधता येईल. पुढल्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा पाहावे. आणि उचललेला दगड होता तसाच, त्याच अंगावर पाण्यात ठेवावा, कारण त्याच्या पोटाशी चिकटलेली अंडी उघडी पडली तर वाचत नाहीत.