मँगनीज धातुकाच्या बारीक चूर्णाचे फेनतरण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी मँगनीजसाठी प्रसिद्ध आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेली व आज 'मॉइल' या नावाने ओळखली जाणारी सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी त्या चालविते. धातुक खणताना, फोडताना व धुताना त्याचा काही भाग अपरिहार्यपणे चूर्णरूप होतो. या चूर्णातील मँगनीज फेनतरणाने कितपत वेगळे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुरुत्वपद्धतीची मर्यादा

क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, तर ब्राउनाइट या मँगनीज खनिजाचे सुमारे ४.७ आहे. जाड कण या फरकामुळे पाण्यात सहज वेगळे होतात. परंतु स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा व्यास एकदशांश झाला, की तो तळाशी बसण्याचा वेग एकशतांश होतो. त्यामुळे अतिसूक्ष्म चूर्णात जड व हलके कण एकत्रच वाहून जातात.

फेनतरणाचे तत्त्व

फेनतरणात निवड वजनाने नव्हे, तर कणाच्या पृष्ठभागानुसार होते. जलविरोधी कण हवेच्या बुडबुड्याला चिकटून फेसात येतो. जलस्नेही कण पाण्यातच राहतो. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे तांब्याचे सल्फाइड धातुक याच पद्धतीने समृद्ध केले जाते. तेथील चाल्कोपायराइटसारख्या खनिजांना झँथेट वर्गातील संग्राहक जलविरोधी बनवितात. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणेही बहुधा सल्फाइडांचीच असतात.

भंडाऱ्याचे धातुक मात्र मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे आहे. त्यावर झँथेट परिणामकारक ठरत नाही. सोडियम ओलिएटसारखे मेदाम्लजन्य संग्राहक वापरावे लागतात व क्वार्ट्झला फेसात येऊ न देण्यासाठी सोडियम सिलिकेट मिसळावे लागते. ओलिएट हा वस्तुतः साबणच होय. कठीण पाण्यात साबण फुटतो, त्याचप्रमाणे पाण्यातील कॅल्शियममुळे ओलिएटचा साका होऊन संग्राहक वाया जातो. शिवाय सुमारे दहा मायक्रॉनखालील गाळ बुडबुड्याला न आदळता त्याच्या बाजूने निघून जातो आणि रसायनेही शोषून घेतो. म्हणून तो आधी काढावा लागतो. त्याबरोबर काही मँगनीजही जाते.

खनिजाची अंतर्गत मर्यादा

ब्राउनाइटच्या रासायनिक सूत्रात सात मँगनीज अणूंमागे एक सिलिकॉन अणू असतो. अर्थात शुद्ध ब्राउनाइटमध्येही सुमारे १० टक्के सिलिका व जवळपास ६४ टक्के मँगनीज असते. ही सिलिका स्फटिकाचाच भाग असल्याने कितीही बारीक दळले तरी फेनतरणाने निघत नाही. फॉस्फरसचेही तसेच आहे. तो ॲपेटाइटच्या स्वतंत्र कणांत असल्यास वेगळा करता येतो. मँगनीज खनिजाच्या जाळीत असल्यास नाही. हा फॉस्फरस भट्टीत बहुतांशी मिश्रधातूत उतरतो व पोलादास ठिसूळ करतो.

निष्कर्ष

फेनतरणाचा निर्णय रासायनिक पृथक्करणातील एकूण टक्केवारीवर घेणे पुरेसे नाही. सिलिका व फॉस्फरस कोणत्या खनिजात आहेत, हे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले पाहिजे. त्याखेरीज दळण्याची ऊर्जा, रसायने, पाणी व उरलेल्या गाळाची सुरक्षित साठवण यांचा हिशेब मांडता येत नाही. भूविज्ञान, रसायनशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र अभ्यासावा असा हा आपल्या जिल्ह्यातीलच प्रश्न आहे.