‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका

आमच्या मोहगावात दोन वर्षांचं मूल बोलत नसलं, की घरातली मोठी माणसं म्हणतात, "त्याचे बाबाही उशिराच बोलले." माझ्या चुलत वहिनीलाही हेच ऐकावं लागलं. तिने तरीही अंगणवाडीताईंना विचारलं आणि तिथूनच वाट निघाली.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणी ठरलेली आहे. शंका आली तर पथक पुढच्या तपासणीसाठी पाठवतं. आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल, तर मूल बोलणार कसं?

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका.

डॉक्टरांसमोर मूल वेगळंच वागतं. म्हणून घरी खेळतानाचे, जेवतानाचे छोटे व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. कधी बसलं, कधी चाललं, तेही लिहून ठेवा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे: घरात मराठी, दवाखान्यात हिंदी. मुलाला कोणती भाषा समजते, ते आधीच सांगा. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. पण अनोळखी भाषेत विचारलं, तर मागे असल्यासारखं वाटू शकतं.

पुतण्याचं निदान अजून पक्कं झालेलं नाही, पण बोलण्याची थेरपी सुरू झाली आहे. मदतीसाठी आजाराचं नाव कळेपर्यंत थांबावं लागत नाही.